तप्त भांडी व हातमोज्यांची पारख

सुरत शहरातून कडोदरा व बारडोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर पर्वत पाटिया ही गजबजलेली वस्ती आहे. गावाकडे वळण्याची जागा दाखविणाऱ्या फलकाला गुजरातीत पाटिया म्हणतात. पर्वत गावाच्या त्या नाक्याभोवती आज कापडबाजारांच्या उंच इमारती उभ्या आहेत व त्यांच्या पाठीमागे दाट लोकवस्ती पसरली आहे. गोडादरा, लिंबायत, डिंडोली, उधना या आसपासच्या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. १९०० च्या सुमारास तापीच्या खोऱ्यातून सुरत व अमळनेर यांना जोडणारा लोहमार्ग सुरू झाला. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर या बाजूची माणसे पुढे याच मार्गाने मागांवर, रंगाई-छपाईच्या कारखान्यांत व कापडाच्या पेढ्यांत कामासाठी येत राहिली. त्यांच्याबरोबर त्यांचे खाणेपिणेही आले.

थंडी पडू लागली की या वस्त्यांतील गच्च्यांवर भरिताचा बेत ठरतो. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि अस्सल खानदेशी माणूस भरितासाठी त्या मोठ्या, फिकट हिरव्या वांग्याचाच आग्रह धरतो. गावाकडे शेतात ही वांगी कपाशीच्या किंवा तुरीच्या काड्यांवर भाजतात. शहरात काड्या कोठून आणाव्यात? तेथे कोळशाची शेगडी व तिच्यावर लोखंडी जाळी येते. भाजलेली वांगी सोलून लाकडी बडगीत ठेचली जातात. शेजारच्या चुलीवर कळण्याच्या पुऱ्यांसाठी तेलाची कढई असते, शेवभाजीचे मोठे पातेले उकळत असते, आणि सणाचा दिवस असेल तर मांडे भाजण्यासाठी खापरही पालथे मांडलेले असते. वीस-पंचवीस माणसांचा स्वयंपाक, उघड्यावरचा विस्तव, आसपास धावणारी मुले अशा गर्दीत जाळी सरकवायची, खापर उतरवायचे, पातेले उचलायचे म्हणजे हाती येईल ते फडके घेऊन काम भागविले जाते. हातावरचे भाजल्याचे डाग ही जणू स्वयंपाक करणाऱ्या बाईची ओळखच आहे, अशी एक समजूत घरोघर असते. ती समजूत सोडून देण्याजोगी आहे, कारण यातील बहुतेक डाग टाळता येणारे असतात.

फडके बदलले, सवय तीच राहिली

पूर्वीच्या घरांत चुलीजवळचे फडके जुन्या लुगड्याचे किंवा धोतराचे असे. कापड जीर्ण झाले की त्याच्या घड्या घालून, गोधडीसारखे टाके मारून, चौकोनी जाड तुकडा शिवला जाई. हे कापड सुती असे. सूत वितळत नाही. फार तापले तर ते करपते, वास येतो, धूर निघतो, आणि तोपर्यंत हात मागे घेण्यास अवधी मिळतो. कापडाच्या घड्यांमध्ये अडकलेली हवा उष्णता फार संथपणे पुढे जाऊ देते, म्हणून चार घड्यांपेक्षा आठ घड्या बऱ्या, हे शाळेत न गेलेल्या बाईलाही ठाऊक होते.

आता घराघरांत जुनी होणारी साडी बहुधा सुती नसते. १९४१ साली इंग्लंडमध्ये ज्या धाग्याचा शोध लागला व पुढे जो टेरिलीन या नावाने प्रसिद्ध झाला, त्याच जातीच्या पॉलिएस्टर धाग्याच्या साड्या सर्वत्र वापरात आहेत, आणि सुरत हे तर अशा कापडाचे देशातील प्रमुख केंद्र आहे. येथील बाजारांत रोज ठाणेच्या ठाणे कापड हाताळले जाते. उरलेल्या चिंध्या, नमुन्याचे तुकडे, जुन्या साड्यांचे पदर हे सहजच स्वयंपाकघरात येतात. त्यांच्या घड्या घालून शिवलेला तुकडा दिसतो आजीच्या तुकड्यासारखाच. परंतु पॉलिएस्टर २५० ते २६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळते व त्यापूर्वीच मऊ पडू लागते. तळणीचे तेल १७० ते १९० अंशांच्या आसपास असते, म्हणून तेथे कदाचित निभावून जाईल. कोळशावर ठेवलेली लोखंडी जाळी मात्र तीनशे अंशांपलीकडे सहज जाते. अशा जाळीला लागलेले कापड वितळून चिकट रसासारखे होते आणि कातडीला लागले तर तेथेच चिकटून राहते. सुती फडके झटकून टाकता येते, हा रस झटकता येत नाही. नायलॉनची गतही वेगळी नाही, त्याचा एक सर्रास वापरला जाणारा प्रकार तर २२० अंशांच्या आसपासच वितळतो.

म्हणजे कापडाच्या या शहरात, जेथे कापडाला तोटा नाही, तेथेच गरम भांडे धरण्यास योग्य असे कापड निवडून घ्यावे लागते. जी कुटुंबे खानदेशातच राहिली आहेत त्यांच्याही घरी साड्या याच बाजारातून जातात, तेव्हा ही गोष्ट केवळ पर्वत पाटियापुरती नाही.

कापड कोणते हे ओळखण्याची एक सोपी रीत आहे व शाळेत शिक्षकांनी ती स्वतः करून दाखविण्यासारखी आहे. कापडाच्या कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरावा आणि पाण्याच्या ताटलीवर मेणबत्तीच्या ज्योतीजवळ न्यावा. सुती धागा चटकन पेटतो, जळत्या कागदासारखा वास येतो व मऊ राखाडी राख उरते. पॉलिएस्टरचा धागा ज्योतीपासून आक्रसतो, वितळतो आणि टोकाला काळसर कठीण मणी तयार होतो. टेरिकॉटसारख्या मिश्र कापडात दोन्ही खुणा मिसळलेल्या दिसतात. असे कापड नेसण्यास व शिवण्यास उत्तम असले तरी चुलीजवळ त्याला जागा देऊ नये.

हात भाजतो तो कसा

कातडी भाजण्यास किती उष्णता लागते याविषयी लोकांचा अंदाज बहुधा चुकतो. उकळते पाणी शंभर अंशांचे, म्हणून त्याच्या खालचे सर्व सुसह्य, असे मानले जाते. वस्तुतः ६० अंशांच्या पाण्यात हात सुमारे पाच सेकंद राहिला तरी खोलवर इजा होते व ७० अंशांना एक सेकंद पुरतो. चांगल्या फडक्याचे किंवा हातमोज्याचे काम उष्णता कायमची अडविणे हे नव्हे, तसे कोणतेही कापड करू शकत नाही. त्याचे काम वेळ मिळवून देणे हे आहे. भांडे उचलून सुरक्षित जागी ठेवीपर्यंत जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ आतील हात थंड राहिला म्हणजे झाले. म्हणूनच भांडे उचलण्यापूर्वी ते कोठे ठेवायचे ती जागा मोकळी करून ठेवणे, हा हातमोज्याचाच अर्धा भाग समजावयास हरकत नाही.

दुसरा शत्रू पाणी. कोरड्या कापडातील हवेच्या जागी पाणी शिरले की उष्णता पुढे नेण्याचे सामर्थ्य अनेक पटींनी वाढते. स्थिर हवेपेक्षा पाणी वीस पटींहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते, आणि भांड्याच्या तापाने त्या पाण्याची वाफ झाली तर ती आत कोंडून थेट कातडीवर येते. ओटा पुसलेले ओले फडके घेऊन कढईचा कान धरणे ही अगदी नित्य घडणारी चूक होय. फडके ओले केल्याने गरम लागत नाही, असा काहींचा अनुभव असतो. तो पहिल्या क्षणापुरता खरा असतो, म्हणून अधिक फसवा.

तिसरी गोष्ट डोळ्यांच्या फसगतीची. लोखंड अंधारात मंद लाल दिसू लागते ते सुमारे ५२५ अंशांना. चारशे अंशांची जाळी काळीच दिसते, व दिवसाउजेडी तर त्याहून तापलेलीही. मातीचे खापर उतरवून बाजूला ठेवले की विसरले जाते. माती उष्णता सावकाश सोडते, त्यामुळे बराच वेळ झाल्यावरही त्याला लागलेले लहान मुलाचे बोट भाजते. ॲल्युमिनियमच्या पातेल्याचा काठ बुडाइतकाच तापतो, कारण हा धातू उष्णता फार जलद पसरवितो. स्टेनलेस स्टीलची मूठ त्या मानाने उशिरा तापते. पातेल्याला कान नसतात ही तर आपल्याकडची जुनीच अडचण आहे. सांडशी एका काठाला धरते. पाच-सहा लिटरच्या रश्शाचे भांडे एका सांडशीवर उचलणे म्हणजे अपघाताला बोलावणेच होय. अशा वेळी दोन्ही हातांत मोजे हवेत.

मोज्यांचे प्रकार

बाजारात उष्णतारोधक म्हणून विकले जाणारे हातमोजे चार-पाच जातींचे असतात. कामाला साजेसा प्रकार निवडला तरच पैसे सार्थकी लागतात.

घरगुती स्वयंपाकासाठी जाड सुती मोजा, आत सुती कापसाचा थर व बाहेर टॉवेलासारखे लूप असलेले कापड, हा स्वस्त व पुरेसा प्रकार आहे. पातेले, कुकर, तवा, खापर यांना तो चालतो. मात्र तो कोरडा असावा व त्यात पॉलिएस्टरचा कापूस भरलेला नसावा. बाहेरचे कापड सुती आणि आतले भरण कृत्रिम, असा माल पुष्कळ दिसतो. शिवण किंचित उसवून आतील एक तंतू वरील रीतीने जाळून पाहिला की शंका फिटते.

सिलिकोन रबराचे मोजे साधारणतः २०० ते २३० अंशांपर्यंत टिकतात. त्यांत पाणी शिरत नाही. उकळत्या रश्शाचे, वाफाळलेल्या भाताचे भांडे उतरविण्यास त्यांच्यासारखे सोयीचे दुसरे काही नाही. कोळशावरच्या जाळीला मात्र ते लावू नयेत. भांडी घासण्याचे पातळ रबरी मोजे दिसण्यात यांच्यासारखेच असले तरी ते उष्णतेसाठी नाहीत. बांधकामावर वापरतात ते, तळहातावर प्लास्टिकचे ठिपके असलेले विणलेले मोजेही याच कारणाने बाद ठरतात.

विस्तवाजवळच्या कामासाठी जुना भरवशाचा प्रकार म्हणजे चामड्याचा लांब मोजा, जो वेल्डिंग करणारे कारागीर वापरतात. तो वितळत नाही, उडालेली ठिणगी त्यावर विझते, आणि कोपरापर्यंत पोहोचणारी त्याची बाही मनगट व पुढचा हात झाकते. उधन्याच्या कारखान्यांत काम करणाऱ्या माणसाला त्याची ओळख करून देण्याची गरज नाही. तथापि कारखान्यातून वापरून आलेला जुना मोजा स्वयंपाकाकडे वळवू नये, त्यावर तेल, धातूचा चुरा व कमावणीची रसायने असतात. नवा घ्यावा, अन्नाला लावू नये, आणि भिजू देऊ नये. वारंवार तापून चामडे आखडले व कडक झाले की तो मोजा टाकण्याच्या लायकीचा झाला असे समजावे.

अरामिड नावाच्या धाग्याचे मोजे अलीकडे पुष्कळ विकले जातात. १९६५ साली स्टेफनी क्वोलेक या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ महिलेच्या संशोधनातून या कुळातील केवलार हा धागा निघाला. तो वितळत नाही, चारशे अंशांपलीकडे गेल्यावर त्याची घडण मोडू लागते. जाळी सरकविणे, सळई फिरविणे, खापर उचलणे यांसाठी हे मोजे हलके व बोटांना मोकळे असतात. त्यांचा दोष असा की ते विणलेले असल्याने त्यांतून वाफ व गरम तेल सरळ आत जाते. तळणीच्या कढईशेजारी ते घालून निर्धास्त होणे चूक आहे. शिवाय केवळ पिवळ्या रंगावरून अरामिड ओळखू नये, पिवळा रंग कोणत्याही धाग्याला देता येतो. आतील अस्तर कशाचे आहे हेही पाहावे. बाहेर अरामिड व आत पॉलिएस्टर असेल तर हाताशी असलेला थर पॉलिएस्टरचाच असतो.

खूणचिठ्ठीवरील आकडे

पुष्कळ मोज्यांच्या वेष्टनावर ‘५०० अंशांपर्यंत सुरक्षित’ असा मजकूर ठळकपणे छापलेला असतो. हा आकडा वाचून जळता कोळसा हातात धरण्याचा मोह एखाद्या उत्साही तरुणाला झाला तर नवल नाही. निखाऱ्याचे तापमान सहाशे-सातशे अंश, वारा घातल्यास त्याहूनही अधिक असते हे एक, आणि त्या आकड्याचा अर्थ वेगळा आहे हे दुसरे. युरोपात हातमोज्यांसाठी ईएन ४०७ हे मानक प्रचलित आहे. त्यात ज्योतीच्या चित्राखाली सहा अंक दिलेले असतात. त्यांपैकी दुसरा अंक तप्त वस्तूच्या स्पर्शाविषयी असतो. १ म्हणजे १०० अंश, २ म्हणजे २५० अंश, ३ म्हणजे ३५० अंश व ४ म्हणजे ५०० अंश. या तापमानाच्या वस्तूला स्पर्श केल्यावर मोज्याच्या आतील तापमान दहा अंशांनी वाढण्यास किमान पंधरा सेकंद लागले, एवढेच तो अंक सांगतो. सोळाव्या सेकंदाची हमी त्यात नाही. अंकाऐवजी फुलीसारखे अक्षर असेल तर ती कसोटी घेतलेलीच नाही असा अर्थ होतो.

चामड्याच्या व सुती औद्योगिक हातमोज्यांसाठी आपल्याकडे आयएस ६९९४ हे भारतीय मानक १९७३ साली तयार झाले. सरकारी कार्यालये, वसतिगृहे, आश्रमशाळा यांच्यासाठी खरेदी करताना संबंधित अधिकाऱ्यांनी मागणीपत्रात केवळ ‘हातमोजे, जोड अमुक’ असे न लिहिता कोणत्या कामासाठी, कोणत्या धाग्याचे, किती लांबीच्या बाहीचे हे लिहावे. दर सर्वांत कमी म्हणून नायलॉनचे मोजे शेकडो मुलांच्या स्वयंपाकगृहात येऊन पडण्याचा संभव त्यामुळे पुष्कळ कमी होतो.

शाळांसंबंधी आणखी एक बाब येथेच सांगणे इष्ट आहे. जुन्या प्रयोगशाळांच्या कपाटांत करड्या-पांढऱ्या रंगाचे, खरखरीत ॲसबेस्टॉसचे हातमोजे व चकत्या अजून सापडू शकतात. एके काळी उष्णतेसाठी याहून उत्तम पदार्थ नाही अशी त्यांची ख्याती होती. ॲसबेस्टॉसचे सूक्ष्म तंतू श्वासावाटे फुप्फुसांत जाऊन कर्करोगासह गंभीर विकार उत्पन्न करतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा स्पष्ट निर्वाळा आहे. असे मोजे वापरू नयेत, झटकू नयेत, फाडू नयेत व जाळूही नयेत. ते पाण्याने ओले करून जाड प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावेत आणि विल्हेवाटीसाठी नगरपालिकेच्या किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यांना कळवावे.

माप व वापर

मोजा घट्ट नसावा. हात खाली करून एक झटका दिला की तो गळून पडला पाहिजे, कारण गरम तेल किंवा वाफ आत शिरली तर तो क्षणात काढावा लागतो. फार सैलही नको, बोटांची पकड सुटली तर भांडेच पायावर येते. बाही मनगटाच्या बरीच वर जाणारी असावी. तळणीच्या वेळी तेल उडते ते तळहातावर नव्हे, तर मनगटावर. मोजे घालण्यापूर्वी बांगड्या वर सारून घ्याव्यात व साडीचा पदर कमरेला खोचावा. पदराने पातेले उतरविण्याची सवय तर पूर्णपणे सोडलीच पाहिजे, कारण पदर हाताशी असतो तसाच तो अंगाशीही असतो.

रायगड जिल्ह्यात वालाच्या शेंगांची पोपटी लावतात आणि वलसाडच्या बाजूला महामार्गालगत उंबाडियू मिळते. दोन्हींत तोंड बंद केलेले मातीचे मडके पालथे घालून भोवती विस्तव पेटवितात. ते मडके बाहेर काढण्याच्या कामी सांडशी उपयोगी पडत नाही व सिलिकोनही नाही. तेथे कोरडे, लांब बाहीचे चामडी मोजे घालून, मडके काठीने किंवा फावड्याने आधी विस्तवाबाहेर ओढावे, थोडे थांबावे व मगच दोन्ही हातांनी धरावे. तडकलेले मडके उचलू नये. तेथेच फोडून आतील शेंगा काढून घेण्यास कोणाचीही हरकत नसते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे १,८०,००० माणसे भाजल्यामुळे मृत्युमुखी पडतात, आणि भारतात दहा लाखांहून अधिक लोकांना दरवर्षी मध्यम किंवा गंभीर स्वरूपाची भाजण्याची इजा होते. भाजलेल्या जागेवर ताबडतोब वाहते थंड पाणी वीस मिनिटे सोडावे. सूज येण्यापूर्वी अंगठी व बांगड्या काढाव्यात. बर्फ, हळद, शाई, दंतमंजन, तूप यांपैकी काहीही लावू नये. कातडीला चिकटलेले वितळलेले कापड ओढून काढू नये, ते काम डॉक्टरांचे आहे. जखम स्वच्छ कापडाने सैलसर झाकून रुग्णाला दवाखान्यात न्यावे. गुजरात व महाराष्ट्र या दोन्ही राज्यांत १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

घरी दोन जोड असावेत, हे सांगणे खर्चाचे वाटले तरी त्याला कारण आहे. एक धुऊन वाळत असेल तेव्हा दुसरा कोरडा हाताशी राहतो. तुपातेलाने माखलेला सुती मोजा पेट घेण्यास सोपा असतो, म्हणून तो साबणाच्या गरम पाण्यात धुऊन उन्हात पूर्ण वाळवावा. आठवड्यातून एकदा मोजा उजेडासमोर धरून पाहावा. तळहाताच्या बाजूने उजेड दिसू लागला की तेथील थर विरला, आणि त्याची जागा आता शेगडीजवळ नाही. त्यातील सुती कापडाचा ओटा पुसण्यास उपयोग होतोच.